हात धुतले का, हे कोणी पाहायचे?



बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. शेतातून आलेला माणूस घरात शिरण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या बादलीतलं पाणी हातापायांवर घेतो. बाळंतिणीच्या खोलीत तर घरातली म्हातारी कोणाला तसंच जाऊ देत नसे. "आधी हात धुऊन ये," असं ती घरच्या जावयालासुद्धा सांगायला कचरत नसे. तेव्हा हात धुवावेत एवढंच सांगण्यासाठी हे भाषण नाही. मला बोलायचं आहे ते त्या दाराशी बसलेल्या म्हातारीच्या कामाबद्दल. घरात हात धुतले की नाही हे पाहायला ती होती. पण दवाखान्यात, जिथे एकच हात दिवसभरात कितीतरी रोग्यांना लागतो, तिथे हे कोणी पाहायचं, कसं पाहायचं, आणि पाहून पुढे काय करायचं? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

विषय लहान दिसतो. पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. आपण रोगी घेऊन दवाखान्यात जातो तो बरा व्हावा म्हणून. तिथे एका खाटेवरच्या रोग्याच्या जखमेतला जंतू दुसऱ्या खाटेवर जातो आणि पायाचं हाड मोडलं म्हणून आलेला माणूस तापाने फणफणतो. जंतूला पाय नसतात. त्याला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेणारं सर्वांत सोपं वाहन म्हणजे माणसाचा हात. तो हात डॉक्टरांचा असेल, सिस्टरचा असेल, मावशींचा असेल, किंवा डबा घेऊन आलेल्या तुमच्याआमच्या नातेवाइकाचा असेल. हात पाहिला तर स्वच्छ दिसतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

ही गोष्ट प्रथम कशी उघडकीस आली ते ऐकण्यासारखं आहे. युरोपात व्हिएन्ना नावाचं शहर आहे. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पावणेदोनशे वर्षांपूर्वी बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपण करीत. दुसऱ्यात सुइणीचं शिक्षण घेणाऱ्या बाया. एक दिवस पहिल्या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विभागात, अशी पाळी असे. इमारत तीच, हवा तीच, गावही तेच. पण १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बाया दगावल्या. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ दगावल्या. म्हणजे एकीकडे शंभरात अकराहून अधिक, दुसरीकडे शंभरात तीनसुद्धा नाहीत. गावातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होतं. आपल्याला पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत.

त्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर होता. या फरकाने त्याची झोप उडाली. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे एक मित्र, प्राध्यापक कोलेच्का, वारले. प्रेताची तपासणी चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात जी लक्षणं दिसली, ती बाळंतज्वराने गेलेल्या बायकांमध्ये दिसत तशीच होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं तपासत आणि त्याच हातांनी येऊन बाळंतिणींना तपासत. सुइणी प्रेताला हात लावीत नसत. जंतूंची विद्या तेव्हा अजून जन्मायची होती. पण हाताबरोबर काहीतरी घातक येतं आहे एवढं त्याने ओळखलं.

मे १८४७ पासून त्याने दाराशी क्लोरिनच्या चुन्याचं पाणी ठेवलं आणि त्यात हात धुतल्याशिवाय कोणी आत जायचं नाही असा नियम केला. हा चुना म्हणजे तरी काय? आपल्या ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, त्याच जातीची वस्तू. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया जात होत्या; जूनमध्ये शंभरात दोन जाऊ लागल्या. पुढे १८४८ च्या सबंध वर्षात ३,५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू झाले. म्हणजे शंभरात सव्वा. दोन्ही विभाग एका पातळीवर आले.

शिक्षकबंधूंनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेमेलवाइसच्या हाती सूक्ष्मदर्शकातून दिसलेला जंतू नव्हता. त्याच्या हाती होतं ते रुग्णालयाचं नोंदणी पुस्तक. किती आल्या, किती गेल्या, कोणत्या विभागात, कोणत्या महिन्यात. ही नोंद कोणी प्रामाणिकपणे ठेवली नसती, तर दोन विभागांतला फरक बायकांच्या कुजबुजीतच राहिला असता.

१८४७ च्याच शरद ऋतूत आणखी एक गोष्ट घडली होती. गर्भाशयाच्या कर्करोगाने पाझरत असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. प्रेतागारातून येताना हात क्लोरिनने धुतले जात, पण एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना नुसत्या साबणावर भागवीत. त्या बाईनंतर तपासलेल्या बारापैकी अकरा बाया दगावल्या. तेव्हा कळलं, की दाराशी एकदा हात धुऊन भागत नाही. प्रत्येक रोग्यामागे धुवावे लागतात. आजच्या रुग्णालयांतला नियम याच अनुभवापाशी येऊन पोचतो.

पण सेमेलवाइसचं पुढे काय झालं? त्याचं म्हणणं फार थोड्यांनी मानलं. तुमच्याच हातांनी रोगी मेले, हे ऐकून घेणं प्रतिष्ठित डॉक्टरांना जड गेलं. आणि त्याचा स्वभावही तापट. १८६१ साली त्याने आपला ग्रंथ छापला, विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं, आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्याचं गणित बरोबर होतं, पण ते सांगताना त्याने समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. हात धुण्याची मोजणी करायची असेल तर या दोन्ही गोष्टी जवळ ठेवाव्यात. त्याची वही घ्यावी, त्याचा राग घेऊ नये.

हात सांभाळण्यात बरं करणाऱ्याचंही हित असतं. आपल्या सोलापूरचे सुपुत्र डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९४१ साली ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नाव होतं कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांचं. हे बेथ्यून कशाने वारले? एका जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापलं, ते बोट चिघळलं, जंतू रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. व्हिएन्नातल्या कोलेच्कांसारखंच एका बोटावर निभावलं. रोग्याचा जंतू हातावर घेऊन हिंडणारा माणूस त्या जंतूचा पहिला धनी स्वतःच होऊ शकतो. सिस्टर संध्याकाळी घरी जाऊन आपल्याच लेकराला घास भरवते, हे विसरून चालणार नाही.

आता आजची पद्धत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णालयांसाठी हात स्वच्छ ठेवण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत पाच वेळा सांगितल्या आहेत. पहिली, रोग्याला हात लावण्यापूर्वी. दुसरी, सलाईनची सुई टोचणं, जखम बांधणं, नाळ कापणं अशा निर्मळ कामापूर्वी. तिसरी, रक्त, लघवी, पू असं काही हाताला लागल्याचा संभव असेल तेव्हा. चौथी, रोग्याला हात लावून झाल्यावर. आणि पाचवी, नुसत्या त्याच्या खाटेला, चादरीला, उशाशी असलेल्या टेबलाला हात लागला तरी. साबण-पाण्याने धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद लागतात. हात दिसायला मळलेले नसतील तर अल्कोहोलचं द्रव चोळलं तरी चालतं. त्याला वीस ते तीस सेकंद पुरतात. हातावर घाण दिसत असेल, तर मात्र साबण आणि पाणीच हवं. आणि हातमोजे घातले म्हणजे हात धुण्यातून सुटका झाली असं नव्हे. मोज्यालाही जंतू तसाच चिकटतो.

याची मोजणी कशी करतात? एक शिकवून तयार केलेला निरीक्षक वॉर्डात साधारण वीस मिनिटं थांबतो. हात स्वच्छ करण्याची वेळ किती वेळा आली आणि त्यातल्या किती वेळा खरोखर हात स्वच्छ केले, एवढंच तो लिहितो. शिक्षकांना हे गणित परकं नाही. पटावर ५० मुलं आणि हजर ३०, तर हजेरी साठ टक्के. तसंच इथे वेळा आल्या ५० आणि हात धुतले ३० वेळा, तर पालन साठ टक्के. याशिवाय महिन्याला किती द्रव संपलं यावरूनही अंदाज घेतात. काही मोठ्या रुग्णालयांत बाटलीवरच मोजणारं यंत्र बसवलेलं असतं. पण यंत्राला बाटली दाबलेली कळते. योग्य वेळी दाबली की नाही हे माणसाच्या डोळ्यालाच दिसतं.

मग उत्तर काय येतं? जगभरच्या अनेक पाहण्यांची सरासरी या संघटनेने त्या नियमांबरोबर दिली होती. ती चाळीस टक्क्यांनाही पोचत नव्हती. म्हणजे शंभर वेळा हात धुवायला हवे होते, तिथे साठांहून अधिक वेळा ते तसेच राहिले. शिकलेली माणसं, श्रीमंत देशांतलीही रुग्णालयं, आणि तरी हा आकडा! अज्ञान हे याचं कारण नव्हे. हात का धुवायचे हे त्यांतल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर त्याने बिनचूक सांगितलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, निरीक्षक समोर उभा असताना कोण हात धुणार नाही? हा आक्षेप अगदी खरा आहे. शाळेत दिपोटी साहेब यायचे त्या दिवशी फळा काळाभोर असायचा, मुलांच्या टोप्या धुतलेल्या असायच्या आणि गुरुजींचा आवाजही वेगळाच लागायचा. २००० सालापासून आपल्याकडे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हाही तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी गावाला कशी जाग यायची ते पुष्कळांनी पाहिलं असेल. रुग्णालयातही तेच घडतं. कॅनडातल्या टोरांटो शहरी यंत्राने केलेली एक मोजणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. निरीक्षक नजरेसमोर असताना हात स्वच्छ करण्याचं प्रमाण, तो दिसत नसतानाच्या मानाने जवळजवळ तिप्पट भरलं.

म्हणून मग मोजूच नये काय? तसं नाही. दिपोटी साहेब वर्षातून एकदा आले तर फळा एकच दिवस काळा राहतो. रोज कोणीतरी डोकावणारं असलं तर तो काळा ठेवण्याची सवय लागते. मोजणी वरचेवर व्हावी, निरनिराळ्या वेळी व्हावी, रात्रपाळीलाही व्हावी. आणि मुख्य म्हणजे तिचा हेतू काय, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला आधी सांगितलेलं असावं. ज्या वहीत नावं लिहून मागून पगाराला कात्री लागते, त्या वहीत खरा आकडा कधीच येत नाही. मग महिन्याच्या महिन्याला शंभर टक्के, शंभर टक्के असं लिहून येतं. वर्गातली सगळी मुलं वर्षभर एक दिवसही गैरहजर नाहीत असा हजेरीपट कोणी दाखवला, तर अनुभवी शिक्षक मुलांचं कौतुक करण्यापूर्वी हजेरीपट लिहिणाऱ्याकडे पाहील. तसंच हे आहे.

मोजणीचा खरा उपयोग कसा होतो, याचं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात मिळतं. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉक्टर दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोजणी केली. पालन भरलं ४८ टक्के. परिचारिकांपेक्षा डॉक्टर मागे होते, हेही दिसलं. त्याहून महत्त्वाचं असं दिसलं, की जिथे कामाची घाई सर्वांत जास्त, तिथे हात सर्वांत कमी धुतले जात होते. हे साधं गणित आहे. एखाद्या सिस्टरला तासात वीस वेळा हात धुवायचे आहेत असं धरा. एका वेळेला एक मिनिट म्हटलं तरी वीस मिनिटं गेली, आणि बेसिनपर्यंतची ये-जा वेगळीच. म्हणजे तासातला तिसरा हिस्सा मोरीपाशी! कोण करील? तेव्हा त्या लोकांनी उपदेश वाढवण्यापेक्षा बाटली जवळ आणली. अल्कोहोलचं द्रव प्रत्येक खाटेपाशी ठेवलं, खिशात मावेल अशी बाटली दिली, भिंतीवर चित्रं लावली आणि मोजणीचे आकडे वॉर्डातल्या लोकांपुढे मांडले. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर आलं. आणि रुग्णालयात लागण होणाऱ्यांचं प्रमाण १९९४ साली शंभरात सुमारे सतरा होतं, ते १९९८ साली दहाच्या आत आलं. शंभर टक्के तिथेही झाले नाहीत. पण खरे ४८ लिहिले गेले, म्हणूनच पुढे खरे ६६ होऊ शकले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ साली ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचं काम सुरू केलं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणं, बाळाला ऊब देणं, वजन करणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखून औषध देणं, आणि जे केलं ते लिहून ठेवणं, असं त्यांचं शिक्षण. त्यांच्या नोंदी गावोगाव फिरणारे डॉक्टर तपासून पाहात. तिसऱ्या वर्षी या गावांतलं नवजात मृत्यूंचं प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलं, असं १९९९ साली प्रसिद्ध झालं. हे सारं श्रेय एकट्या साबणाला देता येणार नाही, देऊही नये. पण खेड्यातली कमी शिकलेली बाईसुद्धा नियम पाळू शकते, नोंद ठेवू शकते, आणि तिच्या नोंदीवर कोणी सहानुभूतीने नजर ठेवली तर लेकरं वाचतात, एवढं त्यातून सिद्ध झालं. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या घालतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

सरकारी दवाखान्यांसाठी १५ मे २०१५ पासून केंद्र सरकारची 'कायाकल्प' नावाची योजना आहे. स्वच्छतेला गुण देऊन चांगल्या दवाखान्यांना बक्षीस दिलं जातं. त्या तपासणीत हात धुण्याचा भाग स्वतंत्र आहे. बेसिन आणि वाहतं पाणी कामाच्या जागी आहे का, हात धुण्याच्या सूचना लावल्या आहेत का, चोळायचं द्रव आहे का, कर्मचाऱ्यांना हात धुण्याच्या पायऱ्या करून दाखवता येतात का, हे पाहिलं जातं. यात आधी पाणी आणि मग माणूस, हा क्रम मला योग्य वाटतो. आपला सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला या भागात उन्हाळा आला की पाण्याच्या टँकरकडे डोळे लागतात. दवाखान्याच्या नळाला पाणीच नसेल, तर त्या दिवशीचा शेरा सिस्टरच्या नावावर लिहू नये, टाकीच्या नावावर लिहावा. नेमकी मोजणी असली की हे दिसतं. सोमवारी सत्तर टक्के आणि गुरुवारी वीस, असा आकडा आला तर गुरुवारी माणसं बिघडली नव्हती. पाणी नव्हतं, साबण संपला होता, किंवा तीन माणसांचं काम एकटीवर पडलं होतं.

आपण गावकऱ्यांनी यात काय करायचं? प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिथे आपले प्रतिनिधी असतात. त्यांनी बैठकीत फार मोठे प्रश्न विचारण्याची गरज नाही. दोनच विचारावेत. बाळंतपणाच्या खोलीत आज वाहतं पाणी आणि साबण आहे का? आणि गेल्या महिन्यात हात धुण्याची पाहणी झाली का, झाली असेल तर आकडा काय? आकडा कमी आला तर रागावू नये; काय कमी पडतं ते विचारावं, आणि ते मिळवून द्यावं.

दुसरी गोष्ट रोग्याच्या नातेवाइकांची. डॉक्टरांना किंवा सिस्टरना "हात धुतले का?" असं विचारायला आपली जीभ रेटत नाही. त्यांच्या हाती आपलं माणूस असतं. राग आला तर, ही भीती असते. पण बोलण्याची एक रीत असते. "सिस्टर, राग मानू नका, पोर लई नाजूक हाये, हात तेवढा धुऊन घ्या," असं एखादी आजी म्हणाली, तर त्यात अपमान नाही. दवाखान्यानेच दाराशी पाटी लावावी, की आम्हाला हात धुण्याची आठवण करून द्या, आम्हाला आवडेल. त्या एका पाटीने आजीच्या जिभेवरचं ओझं निम्मं उतरेल. मात्र विचारणाऱ्याने आधी आपले हात पाहावेत. बाळंतिणीला भेटायला दहा-दहा माणसं येतात, एस्टीतून उतरतात ती थेट बाळाच्या गालाला हात लावतात. ती मोजणी कोणत्याच वहीत होत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. शाळेत पोषण आहाराच्या आधी मुलं हात धुतात. पाचवी-सहावीतल्या दोन मुलांना आठवड्यातून एक दिवस नुसत्या रेघा मारायला सांगा. जेवायला बसली किती, साबणाने हात धुतले किती. नावं लिहायची नाहीत, शिक्षा करायची नाही. आठवड्याचा आकडा फळ्यावर लिहा आणि मुलांनाच विचारा, कमी का आला? "साबण वरच्या खिडकीत असतो, गुरुजी, हात पुरत नाही," असं एखादं उत्तर आलं, तर जिनिव्हाच्या डॉक्टरांना जे सापडलं तेच तुमच्या पोरांना सापडलं असं समजा. त्यातलंच एखादं मूल उद्या सिस्टर होईल, डॉक्टर होईल. खरा आकडा लिहायला लाजायचं नाही, हा धडा त्याने आधीच गिरवलेला असेल.

२०२० साली करोनाची साथ आली आणि हात चोळायच्या बाटल्या दारोदारी, दुकानोदुकानी टांगल्या गेल्या. त्यांतल्या किती आज भरलेल्या आहेत, ते आपणच आपल्या गावात फिरून पाहावं. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर जाते. टिकते ती जिच्यावर रोज कोणाची तरी आपुलकीची नजर असते ती सवय. दवाखान्यातल्या वहीत या महिन्याला खरे ५२ टक्के लिहिलेले असोत आणि पुढच्या महिन्याला खरे ५५. खोट्या शंभरापेक्षा त्या तीन टक्क्यांनी अधिक बाळंतिणी आणि अधिक लेकरं सुखरूप घरी जातील.

 नमस्कार.